पोट कुणाचं, पंख कुणाचे

लाल चिठ्ठीवर स्वतःचं नाव नीट उतरायला दोन्या एर्मेलिंदाला तिसरी चिठ्ठी घ्यावी लागली. पहिलीवर शाई फुटली, दुसरीवर ओळ तिरकी गेली. तेहतीस वर्षं ती या संग्रहालयात नखाएवढ्या कागदांवर दुसऱ्यांची नावं लिहीत आली होती. डोंगर, ओढे, गावं, महिने, आणि भेटीला येणाऱ्या जर्मन पंडितांची जीभ अडखळवणारी आडनावं. त्यातल्या एकाही आडनावाला तिचा टाक बिचकला नव्हता. आज मात्र आपल्याच नावाचं लॅटिन रूप, ‘हर्मेलिंदे’, एवढं लिहिताना बोटं ऐकेनात.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे धाकटी बहीण बेनिता होती.

“एर्मे, खिम्याच्या एम्पनादा किती सांगू गं? दोनशे की तीनशे?”

“तीनशे? अगं, आम्ही सगळे मिळून अकरा जण आहोत इथे.”

“आणि आपली गल्ली? खाटीक, पाद्रीबाबा, औषधवाली, माझ्याकडे केस कापायला येणारी गिऱ्हाइकं? सगळ्यांना बोलावून बसलेय मी.”

“तुला कुणी सांगितलं होतं बोलवायला?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? राष्ट्राध्यक्षाच्या नावाचं पाखरू आहे का एक तरी? नाही. माझ्या बहिणीच्या नावाचं आहे. तीनशे सांगते. उरल्या तर तू खा.”

फोन आपटला गेला. बेनिताचं फोन ठेवणं हे नेहमी आपटणंच असे.

पुढच्या शुक्रवारी दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई, निवृत्त होणार होती. साठ वर्षं पुरी झाली होती. लग्न केलं नव्हतं, त्याचं तिला दुःख नव्हतं. मूल नव्हतं, त्याचं थोडं होतं, पण ते ती रविवारच्या दुपारीच करायची. बाकी सहा दिवस तिला पतंग पुरत. जाळ्यात सापडलेला पतंग मऊ करायचा, पाटावर त्याचे पंख पसरायचे, तीन आठवडे वाळवायचा, खाली चिठ्ठी अडकवायची, खणात लावायचा. तुकुमानच्या उन्हाळ्यात पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्यानं मिशा मोडतात. तेहतीस उन्हाळे तिनं असे घामाच्या धारांत काढले आणि कधी कुणाकडे कुरकुर केली नाही.

निरोपाची भेट म्हणून पतंगविभागाचे डॉक्टर एर्नान सोरिया तिला काही देणार होते, तर ते एक पतंग देणार होते. म्हणजे त्याचं नाव. रानटी रेशीमपतंगांच्या घराण्यातला हा गडी. पंज्याएवढा मोठा, विटकरी, आणि चारही पंखांना एकेक पारदर्शक खिडकी असलेला. या बाजूला या पतंगांना सरसकट ‘चार-खिडक्या’च म्हणतात आणि दिव्यावर आले तर झाडूनं घालवतात. घराण्याचं आडनाव ठरलेलंच होतं, पण हा एक गडी निराळा निघाला. पंखांवरून सांगता येत नव्हतं. या घराण्यातले भाऊ-भाऊ दिसायला बहुतेक सारखेच असतात. फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाला, मादीला धरायच्या पकडीत. प्रत्येक जातीची किल्ली वेगळी, दुसऱ्या कुलपाला ती लागत नाही. डॉक्टरांना ही किल्ली कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. तीन वर्षं त्यांनी इथून तिथून पुस्तकं आणि चित्रं मागवली, पत्रं लिहिली आणि मग निवांतपणे वर्णन लिहून काढलं. लिखाण लिफाफ्यात घालून तयार होतं. फक्त मूळ नमुन्याला, ज्याच्यावरून सगळं वर्णन केलं त्या एकुलत्या एक नराला, लाल चिठ्ठी लागायची होती. जगात ज्या ज्या पतंगाला नाव आहे त्याच्या मूळ नमुन्याला अशी लाल चिठ्ठी असते, आणि इथली लाल चिठ्ठी लिहिणारं माणूस एकच होतं.

दोन्या एर्मेलिंदानं चिमट्यात टाचणी धरून पतंग उचलला आणि चिठ्ठी खालून वर सरकवायला उलटा केला. पोट जागेवर नव्हतंच. ते डॉक्टरांनी तीन हिवाळ्यांपूर्वी कापून, उकळून, त्याच टाचणीवरच्या काचेच्या कुपीत ठेवलं होतं. एरवी हे काम तिचं. पण त्या हिवाळ्यात तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि ती महिनाभर पट्टी बांधून घरी बेनिताचे टोमणे ऐकत होती; तेव्हापासून हा नमुना डॉक्टरांच्याच टेबलावर होता. आता त्या डोळ्याला सगळं धुऊन काढल्यासारखं लख्ख दिसत होतं. छातीच्या मागच्या टोकाला, जिथे पोट असायचं, तिथे एक बारीक गुलाबी कडं होतं.

पतंगाच्या अंगात गुलाबी रंग कुठून आला? तिनं भिंग घेतलं. मग भिंग ठेवलं. ते कडं चकचकत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला भिंगाची गरज नव्हती. लाल चिठ्ठी तिनं टाचणीत घातली नाही. टीपकागदाखाली सारली आणि वर दौत ठेवली.

१९६१ साली ती सत्तावीस वर्षांची होती आणि टोप्यांवर लावायची कापडी फुलं करणारं तिचं दुकान बंद पडलं होतं, कारण बायकांनी टोप्या घालणं सोडलं. फुलं करणारे हात पतंगही करतील, म्हणून संग्रहालयाच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी, डॉन गुस्तावोंनी, तिला ठेवून घेतलं. डॉन गुस्तावो रागावले की ओरडत नसत. जर्मनमधून आकडे मोजत, हळूहळू, आणि समोरचा माणूस आकडा कुठे थांबतो याची वाट पाहत घाम गाळत असे. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात ती माळ्यावरून, स्वतःच पंख पसरून वाळवलेल्या पतंगांचा खोका उतरवत होती. पायात नवे बूट, उंच टाचेचे, पहिल्या पगाराचे. चौथ्या पायरीवर टाच मुडपली. ती पडली नाही, खोका पडला. उघडून बघते तर पाच पतंगांची पोटं तुटून तळाला शेंगदाण्यासारखी घरंगळत होती.

डॉन गुस्तावो दुपारची झोप काढायला घरी गेले होते. तिच्याकडे दोन तास होते. तिनं पर्समधून बेनिताची नेलपॉलिशची बाटली काढली आणि एकेक पोट चिकटवायला घेतलं. तीन सोपी होती. एक मादीचं, जाडजूड. एक अगदी बारकं. एकाला पांढरी किनार. शेवटी दोन नर राहिले आणि दोन पोटं राहिली. रंग तोच, लांबी तीच. तिनं फिरवून फिरवून पाहिलं. मग लहान मुलं राज्य कुणावर हे ठरवायला बोटं नाचवत मोजतात तसं मोजलं, आणि ज्याच्यावर बोट थांबलं त्याला ते पोट लावून टाकलं.

आठवड्यानं डॉन गुस्तावोंनी पाचही पतंग पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले, “सुबक.” नंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी तिचं पुन्हा कौतुक केलं नाही. ते एकच होतं आणि ते खोटं होतं. दोन-तीन वर्षं ते तिला टोचत राहिलं, मग हजारो पतंग हाताखालून गेले आणि विसरायला झालं.

संध्याकाळी दोघी बहिणींनी रोजच्यासारख्या दाराबाहेर पदपथावर खुर्च्या टाकल्या. बेनितानं ‘माते’ या कडसर पानांच्या चहाचा भोपळा भरला, एक घोट ओढून पाहिला आणि बहिणीच्या हातात दिला. एर्मेलिंदानं नळी तोंडात धरली पण ओढली नाही.

“काय झालं? चव गेली का पानांची?”

“बेनी, तुझं ते नेलपॉलिश होतं बघ. पाकळी रंगाचं. मी घेतलं होतं.”

“कुठलं?”

“एकसष्ट सालचं.”

बेनितानं तिच्याकडे नीट वळून पाहिलं. “ते तर तू मला वाळून गेलं म्हणून सांगितलं होतंस. नवी बाटली होती. त्या शनिवारी मी नाचायला बिनरंगाच्या नखांनी गेले होते, एर्मे. मला आठवतंय.”

“वाळलं नव्हतं. पतंगांना लावलं.”

मग तिनं सगळं सांगितलं. टाच, पायरी, पाच पोटं, मोजणी. सांगताना मधेच समोरून औषधवाली गेली आणि ‘शुक्रवारी येतेच हं’ म्हणाली, तेव्हा दोघींनी हसून मान हलवली. ती वळणाआड गेल्यावर एर्मेलिंदानं उरलेलं सांगितलं. डॉक्टरांनी जे वर्णन केलंय त्यात पंख एकाचे आहेत आणि पोट दुसऱ्याचं. असा पतंग जगात नाही. तो तिनं स्वतः, दोन तासांत, घाबरून तयार केलेला आहे. आणि त्याला तिचं नाव दिलंय.

बेनितानं वळणापर्यंत कुणी नाही ना, ते पाहून घेतलं.

“मग सांगू नकोस,” बेनिता म्हणाली.

“असं कसं?”

“असं कसं काय? कोण बघणार आहे त्या किड्याच्या बुडाखाली? डॉक्टर तीन वर्षं बघत होते, त्यांना दिसलं? तुला तरी दिसलं असतं का मोतीबिंदू काढला नसता तर? डोळ्याच्या डॉक्टरला पैसे मी दिले होते. समज की काढलाच नाही.”

“बेनी.”

“आपल्यामागे कोण आहे गं, एर्मे? तुला नाही, मला नाही. यापुरा आडनावाचं या गल्लीत उद्या कुणी राहणार नाही. एक पाखरू मिळालंय. ते पण परत करून येणार तू?” हे म्हणताना तिचा आवाज जरा चिरकला. मग तिनं भोपळा हिसकावून घेतला. “गार केलंस. दे इकडे.”

रात्री एर्मेलिंदाला झोप लागली, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण लागली. सांगायचं हे तिचं संध्याकाळीच ठरलं होतं. बेनिताला विचारलं होतं ते परवानगीसाठी नव्हतं, सोबतीसाठी होतं. वाईट मात्र तिला फार वाटत होतं. नाव तिला हवं होतं. इतकं काही तिला आयुष्यात हवं वाटलं नव्हतं, आणि हे गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिला माहीत नव्हतं.

सकाळी डॉक्टर सोरिया आपल्या टेबलाशी संत्रं सोलत होते. पंचेचाळिशीचा, काटकुळा, सालीची एक सलग पट्टी निघाली की लहान पोरासारखा खूश होणारा माणूस. एर्मेलिंदानं पतंग सूक्ष्मदर्शकाखाली उलटा लावला आणि म्हणाली, “डॉक्टर, तुमचं हे पाखरू एक नाही. दोन आहेत.”

डॉक्टरांनी पाहिलं. संत्रं हातातच राहिलं.

“हे गुलाबी काय आहे?”

“नेलपॉलिश.”

“कुणाचं?”

“माझ्या बहिणीचं.”

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी टेबलावरचा तो जाड लिफाफा उचलला, वजन केल्यासारखा हातात तोलला आणि परत ठेवला.

“तीन वर्षं, दोन्या एर्मे.”

“हो.”

“माझी तीन वर्षं तुमच्या बहिणीच्या नेलपॉलिशवर उभी आहेत.”

एर्मेलिंदानं मान डोलावून ते मान्य केलं.

“तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. “का सांगितलंत? शुक्रवारी तर घरी जाणार होतात.”

“चिठ्ठी लावायचं काम माझं आहे. चिठ्ठीवर लिहिलेलं खरं नसेल तर मी ती टाचणीत घालत नाही. कधी घातली नाही.”

“एकसष्ट सोडून.”

“ते सोडून.”

डॉक्टर खिडकीशी गेले. बाहेर रस्त्यावर हकरांदाची निळी फुलं पडून चिखल झाला होता, तो झाडणाऱ्याकडे पाहत राहिले. एर्मेलिंदानं मनातल्या मनात आकडे मोजले. तिला जर्मन येत नव्हतं, तिनं आपल्या भाषेत मोजले. सतराला डॉक्टर वळले.

“पण पोट तर तुम्ही केलं नाहीत ना?”

“मी कशी करणार पोट?”

“म्हणजे पकड खरी आहे. ती कुठल्याच माहीत असलेल्या जातीची नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगीन.” त्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बहुतेक न कळतच. “म्हणजे या पोटाचा मालक होता. त्याला तुम्ही दुसऱ्याचं पोट लावलंत. मग तो कुठे आहे?”

इथपर्यंत एर्मेलिंदानं विचारच केला नव्हता. चूक कबूल करायची, नाव सोडायचं, घरी जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चुकीला दुसरं टोक असतं आणि ते याच इमारतीत कुठेतरी टाचणीवर बसलेलं असणार, हे ऐकून ती सरळ खणांकडे वळली.

तीन दिवस दोघांनी खण उपसले. चार-खिडक्यांचे दोनशे बारा नमुने होते. एकेक उचलायचा, उलटा करायचा, बघायचा, ठेवायचा. एर्मेलिंदा उजव्या डोळ्यानं पाही, डॉक्टर भिंगानं. त्या पडझडीतले तीन सापडले, गुलाबी कड्यांसकट, पण ते तिनं बरोबर जोडलेले सोपे तीन होते. डॉन गुस्तावोंनी काही नमुने परदेशी संग्रहालयांना अदलाबदलीत दिले होते, त्यांची जुनी वही काढली. त्यात आपला गडी गेला असेल, तर मग कुठे शोधणार? डॉक्टर आता तिच्यावर चिडलेले नव्हते. उलट शोधाच्या नादात ते जेवण विसरत आणि तिनं आणलेल्या डब्यातलं निम्मं खाऊन टाकत. बेनिताला हे कळलं तेव्हा तिनं डबा मोठा केला. तोंडानं मात्र ती बहिणीशी दोन दिवस बोलत नव्हती.

गुरुवारी दुपारी एर्मेलिंदा हात धुवायला निघाली तर बोळात गर्दी. मोन्तेरोसच्या शाळेची सहल आली होती आणि संडासापुढे रांग लागली होती. रांग कंटाळू नये म्हणून बाई भिंतीवरच्या काचपेटीतल्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

“हा चार-खिडक्या. आपल्याकडे सर्वत्र आढळतो.”

“मग हा एवढा पांढुरका का?” एका मुलीनं विचारलं.

“म्हातारा झालाय तो,” बाई म्हणाल्या.

एर्मेलिंदा रांगेत मागे उभी होती. ती पेटी १९६२ पासून तिथे होती. दिवसातून तीनदा ती तिच्यासमोरून जात होती. डॉन गुस्तावो म्हणाले होते, ‘शाळेच्या पोरांसाठी एक साधा, सगळीकडे मिळणारा द्या’, आणि तिनं त्या पाचांतलाच एक दिला होता, कारण चिकटवलेला पतंग खणात राहण्यापेक्षा भिंतीवर गेलेला बरा. शोधताना तिला ही पेटी आठवली नाही, डॉक्टरांनाही नाही. त्या संग्रहालयातल्या कुणालाच आठवली नसती. खणातले ते नमुने आणि भिंतीवरची ती शोभा, अशी त्यांची तेहतीस वर्षांची सवय. शोभेकडे कोण बघतं.

आता तिनं बघितलं. पश्चिमेच्या उन्हानं विटकरी रंग पार उडून गेला होता, चहा सांडलेल्या कागदासारखा झाला होता. एक मिशी नव्हती. पण खिडक्यांचं ऊन काही बिघडवू शकत नाही. साध्या चार-खिडक्याच्या खिडक्या त्रिकोणी असतात. याच्या अरुंद होत्या, लांबट, किंचित बाहेर कललेल्या.

ती परत गेली आणि स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आली. “बाई, मुलांना जरा बाजूला घ्या,” ती म्हणाली. काच उतरवली. टाचणी धरून पतंग उचलला. मागचा निळा कागद उन्हानं राखाडी झाला होता, पण पंखांमागची जागा होती तशीच निळी राहिली होती, मिशांसकट. दोन्ही मिशांसकट. पतंगाच्या टाचणीवर खाली तिचीच जुनी चिठ्ठी होती, जून झालेली पण वाचता येणारी. तिनं तो उलटा केला. गुलाबी कडं होतं.

तिनं डॉक्टरांना हाक मारली नाही. रांगेतल्या मुलांमधून वाट काढत, पतंग दोन्ही हातांत धरून, ती पायरीपायरीनं वर गेली. पायात सपाट चपला होत्या.

त्याचं पोट तिनं स्वतः कापलं, स्वतः उकळलं, बारीक ब्रशनं साफ केलं. डॉक्टर शेजारी नुसते उभे होते. आतून निघाली ती साध्या चार-खिडक्याची पकड, अगदी पुस्तकातली. म्हणजे अदलाबदल पुरी झाली. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि खुर्चीत बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“जगात कुणाला माहीत नसलेला पतंग,” ते म्हणाले, “आणि आम्ही तो तीस वर्षं संडासाच्या दाराशी टांगून ठेवलाय. खाली पाटी लावून. सर्वत्र आढळतो.”

शुक्रवारी दोघं वर्णन नव्यानं लिहायला बसली. खालच्या दालनात टेबलं लागत होती. बेनिता सकाळपासून येऊन ठाण मांडून होती आणि तिचा आवाज दोन मजले वर येत होता. भिंतीवरून उतरवलेल्या पतंगाची टाचणी तीच होती, खालची जुनी चिठ्ठीही तीच, आणि खऱ्या पोटाची कुपी आता त्याच टाचणीवर आली होती. चुकीचे पंख परत खणात गेले होते. त्यांच्या टाचणीवर एर्मेलिंदानं एक जादा चिठ्ठी चढवली होती. ‘याला दुसऱ्याचं पोट जोडलं, १९६१, ए. यापुरा. दुरुस्त केलं, १९९४, तीच.’

“आता नाव,” डॉक्टर म्हणाले.

“दुसरं द्या. ओढ्याचं द्या, जिथे सापडला त्या. माझ्या चुकीवर माझं नाव चढवून ठेवणं बरं दिसत नाही.”

“चूक कबूल करणाऱ्याचं नाव देऊ नये, असा नियम तुम्ही कुठे वाचलात? नियमांचं पुस्तक मला पाठ आहे.”

“लोक हसतील.”

“हसतीलच. मीही हसलो.” डॉक्टरांनी कागद टाइपयंत्रात घातला. “नाव ठेवणं माझं काम आहे, दोन्या एर्मे. तुमचं काम चिठ्ठी लावायचं. ज्यानं त्यानं आपापलं करावं.”

ती थोडा वेळ हातातल्या रुमालाची घडी करत राहिली. “मग ती पोटाची भानगड त्यात छापा. माझ्या नावानिशी. नेलपॉलिशसकट.”

“छापावीच लागेल. नाहीतर पोट कुठून आलं हे कसं कळणार कुणाला?”

मग डॉक्टर कामाला लागले. पंखांची लांबी, खिडक्यांची लांबी आणि रुंदी, रेषांची वळणं. ती मापं घेऊन सांगत होती आणि ते दोन बोटांनी टाइप करत होते. एका जागी ते थांबले.

“रंग,” ते म्हणाले आणि त्या फिकट, कागदी पंखांकडे खिन्नपणे पाहिलं. “इथे ‘उडालेला, अज्ञात’ असं लिहावं लागणार. याचा दुसरा भाऊ कुणाला सापडेपर्यंत.”

“अज्ञात का म्हणून? मी पाहिलाय. ताजा. पंख मीच पसरले त्याचे.”

“तेहतीस वर्षांपूर्वी.”

“हो.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“पोटाची नव्हती,” एर्मेलिंदा म्हणाली. “रंगाची आहे.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग टाइप केलं, ‘ताज्या नमुन्याचा रंग, ए. यापुरा यांच्या सांगण्यावरून’, आणि हात उचलून थांबले. “सांगा.”

तिनं डोळे मिटले. “पुढच्या पंखाचा बुडखा. चान्यारच्या फळांचा पाक आटवताना शेवटी काळा पडतो ना, त्याच्या जरा आधीचा.”

“पाक असं नाही लिहिता येत हो.”

“का? कुणी खाल्ला नाही?”

“हे ब्राझीलला छापणार आहेत. तिथे नाही खात.”

“मग गडद तांबूस लिहा. पण कंसात पाक ठेवा.”

डॉक्टरांनी कंसात पाक ठेवला. ती सांगत गेली. पांढरी रेघ, पण दुधाची नाही, सायीची. तिला आतून काळी कड. खिडक्यांभोवती आधी पिवळा, मग काजळासारखा काळा, केसाएवढा. तिचा आवाज एका लयीत चालला होता. डॉक्टर एकदा म्हणाले, “जरा हळू.” तेव्हा ती हळू झाली.

दार उघडलं. बेनिता, ठेवणीतल्या पोशाखात, हाताला पीठ.

“सगळे थांबलेत. पाद्रीबाबांनी दोन खाऊनही टाकल्या. गार होतायत, एर्मे.”

“येते,” एर्मेलिंदा डोळे न उघडता म्हणाली. “मागचे पंख राहिलेत अजून.”

बेनितानं यंत्रातल्या कागदाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि भिंतीशी असलेल्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली. डॉक्टरांनी भरलेला कागद काढून नवा घातला.